खुनी कोण ते राहू दे, त्या दोघांचं काय?

खानापूरहून पत्र आलंय. लिहिणारी छत्तीस वर्षांची, बेळगावात नोकरीला, रोज सकाळच्या गाडीनं येती आणि संध्याकाळी परत जाती. पत्र मोठं आहे, थोडक्यात देते:

"अक्का, कुणाला सांगायला लाज वाटते म्हणून तुम्हाला लिहिते. गेलं वर्षभर मी मोबाइलवर कॉर्मोरन स्ट्राइक आणि रॉबिन या दोघा प्रायव्हेट डिटेक्टिव्हची पुस्तकं वाचायलेय, आता तिसरं संपलं. इंग्लिश माझं बेताचंच, खरं सोडवत नाही. अडचण अशी की खुनी कोण यात माझं लक्षच नसतं, ते दोघं एकत्र कधी येणार एवढंच मला बघायचं असतं. मिस्टर म्हणतात, खून वाचायलीस का लफडं वाचायलीस ते एकदा ठरव. ऑफिसातले एक सिनियर सर आहेत, भरपूर वाचलेले, ते म्हणाले रहस्यकथेत प्रेम घुसलं की रहस्यकथा बिघडली म्हणून समज. तिसऱ्याच्या शेवटाला मला इतकं कासावीस झालं की मी नेटवर पुढच्या पुस्तकांत या दोघांचं काय होतं ते शोधून काढलं, आणि आता चौथं उघडायला मनच होईना झालंय. मी चुकीचं वाचायलेय का? सोडून देऊ का हे?"

अगं, तू मला अक्का म्हटलंस, मग मी पण तुला तूच म्हणते. आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकते म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. सोडू नको. आणि चुकीचं तर अजिबात वाचत नाहीस, ही सिरीज जशी वाचायला पाहिजे तशीच वाचायलीस, फक्त आजपर्यंत तुला तसं कुणी सांगितलेलं नाही.

बघ, या पुस्तकांत दोन केसेस एकदम चालू असतात. एक खुनाची, ती त्या पुस्तकात उघडते आणि त्याच पुस्तकात मिटते. दुसरी या दोघांची, ती २०१३ साली पहिल्या पुस्तकात सुरू झाली आणि २०२५ च्या सप्टेंबरात आठवं पुस्तक आलं, म्हणजे लेखिका बारा वर्षं त्या एकाच केसवर काम करतेय. (कव्हरवर रॉबर्ट गॅलब्रेथ असं पुरुषाचं नाव असलं तरी लिहिणारी जे. के. रोलिंग, हे पहिलं पुस्तक आल्यावर थोड्याच महिन्यांत फुटलं होतं.) खुनाच्या केसला जसे पुरावे लागतात तसे या दुसऱ्या केसलाही लागतात आणि ते तसेच पेरलेले असतात, कुठं एखादी वस्तू, कुठं एखादा प्रश्न जो विचारायला पाहिजे होता आणि विचारला नाही, वाचताना काहीच वाटत नाही आणि मग दोनशे पानांनी एकदम लख्ख होतं. तू म्हणतेस तपासात माझं लक्ष नसतं. अगं वर्षभर तू तपासच करायलीस की, आणि तो पण सगळ्यात लांबलेल्या केसचा.

पहिलं पुस्तक जरा आठव. रॉबिन एजन्सीकडून आलेली टेम्पररी सेक्रेटरी, पहिल्याच दिवशी ऑफिसच्या जिन्यावर स्ट्राइक तिला असा काही धडकतो की ती खाली जायचीच. त्याचं नातं नुकतंच तुटलंय, डोक्यावर कर्ज आहे, अफगाणिस्तानात एक पाय गुडघ्याखाली गेलाय, आणि राहायला जागा नाही म्हणून रात्री तो ऑफिसातच घडीच्या कॉटवर झोपतो. रॉबिनला हे कळतं. आणि ती काहीच बोलत नाही! कॉट दिसली तरी दिसली नाही असं वागते, त्याचं पितळ उघडं पडू नये म्हणून जपते, आणि हिला कळलंय हे त्याच्या लक्षात येतं, खरं तो पण बोलत नाही. त्यावेळी तिच्या बोटात दुसऱ्याची अंगठी आहे, आदल्याच रात्री घातलेली, प्रेमाबिमाचा विषयसुद्धा नाही कुठं. तरी माझ्या मते आख्ख्या सिरीजमधला पहिला भक्कम पुरावा तो आहे. दुसऱ्याची लाज झाकणारं माणूस भेटलंय त्याला, आणि तो डिटेक्टिव्ह असल्यामुळं त्याला ते दिसतंय. मग तो हिरवा ड्रेस. चौकशीसाठी म्हणून दोघं एका महागड्या कपड्यांच्या दुकानात जातात, ती गिऱ्हाईक बनून ड्रेस अंगावर घालून बघते, विकणाऱ्या बायकांकडून माहिती काढून घेते, आणि शेवटाला पैशापैशाला महाग असलेला हा माणूस तोच ड्रेस घेऊन तिच्या हातात ठेवतो. हे सगळं तुझ्या लक्षात राहिलं असणार, मला खात्री आहे, कारण लक्षात राहिलं नसतं तर तिसऱ्याच्या शेवटाला तू कासावीस झालीच नसतीस.

आता हे सगळं प्रायव्हेट डिटेक्टिव्हच्याच स्टोरीत इतकं का रंगतं त्याचा मी पुष्कळ विचार केलाय. पोलिसाकडं वर्दी असते, वॉरंट असतं, चार हवालदार बरोबर असतात. प्रायव्हेट माणसाकडं यातलं काहीच नाही, त्याला कुणाला अटक करता येत नाही, कुणाच्या घरात घुसता येत नाही, त्यानं नुसतं बोलायचं, बघायचं आणि वाट बघत बसायचं. गाडीत बसून एका दारावर पाळत ठेवायची, सहा-सहा तास, थर्मासमधला चहा संपेपर्यंत, आणि शेजारी एकच माणूस. दोन माणसांना एकमेकांच्या इतकं जवळ, इतका वेळ आणि कामाचं कारण घेऊन बसायला दुसऱ्या कुठल्या धंद्यात मिळतं सांग? शिवाय तू झोपलीस की मी बघायचं, मी झोपलो की तू बघायचं, म्हणजे दुसऱ्याच्या डोळ्यांवर आपल्या डोळ्यांइतका भरवसा ठेवावाच लागतो. तो भरवसा आधी येतो आणि बाकीचं मागनं, म्हणून ते खरं वाटतं.

आणि रॉबिनची गोष्ट कुणाला बनवाबनवी वाटत असेल तर तिच्या दीडशे वर्षं आधीची खरीखुरी बाई सांगते. १८५६ साली अमेरिकेत शिकागोला पिंकर्टनच्या डिटेक्टिव्ह एजन्सीत केट वॉर्न नावाची एक तरुण विधवा आली. ॲलन पिंकर्टनला वाटलं ही क्लार्कच्या कामासाठी आली असेल. ती म्हणाली मला डिटेक्टिव्ह व्हायचंय, जिथं पुरुष माणसाला कुणी दारात उभं करत नाही तिथली गुपितं मी काढून आणीन. त्यानं घेतलं तिला. पुढं १८६१ मध्ये अब्राहम लिंकन शपथ घ्यायला निघाला तेव्हा वाटेत त्याला मारायचा कट असल्याचा संशय होता, तर त्याला रात्रीच्या ट्रेननं गुपचूप वॉशिंग्टनला न्यायच्या कामात ही होती, आजारी भावाला घेऊन चाललेली बहीण बनून. म्हणजे सेक्रेटरी वाटलेली बाई डिटेक्टिव्ह निघते हे नुसतं पुस्तकातलं नाही.

आपल्या भागातल्या बाईला तर हे समजायला अडचणच नको. निपाणीचं स्थळ आलं की आपण काय करतो? कुणाचा तरी मावसभाऊ तंबाखूच्या वखारीत असतो त्याला फोन जातो, मग त्यांच्या गल्लीतल्या किराणावाल्याला सहज म्हणून विचारलं जातं, मग कुणीतरी लग्नकार्यात मुलाच्या आत्याशेजारी मुद्दाम पंगतीला बसतं, आणि आत्या ज्या विषयावर गप्प बसली तो विषय घरी येऊन सांगितला जातो. तू हेच करतेस पुस्तकात. स्ट्राइक कशावर गप्प बसला, रॉबिननं फोन का कट केला. सगळी चौकशीच आहे ती.

आता तुझ्या ऑफिसातल्या सरांचं. ते आपल्या मनचं बोलत नाहीत, ही जुनी समजूत आहे आणि एकेकाळी मोठमोठ्या माणसांची होती. १९२८ साली एस. एस. व्हॅन डाइन या अमेरिकन लेखकानं रहस्यकथेचे वीस नियम छापले, त्यातला तिसराच नियम की प्रेमप्रकरण नको, गुन्हेगाराला कोर्टात उभं करायचं काम आहे, जोडप्याला बोहल्यावर चढवायचं नाही. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये रहस्यकथा लिहिणाऱ्या डोरोथी सेयर्सनं पण लिहिलं की डिटेक्टिव्हनं कामात डोकं घालावं, पोरींच्या मागं फिरू नये. पुढं काय झालं ते सरांना जरूर सांग. दोनच वर्षांनी, १९३० मध्ये, याच सेयर्सबाईंनी 'स्ट्राँग पॉयझन' लिहिलं. त्यात हॅरिएट व्हेन ही कादंबऱ्या लिहिणारी बाई आरोपीच्या पिंजऱ्यात उभी आहे, आधीच्या मित्राला आर्सेनिक घातल्याचा आरोप, फाशी समोर दिसतेय, आणि लॉर्ड पीटर विम्झी हा हौशी डिटेक्टिव्ह कोर्टात बसून तिला बघतो आणि ठरवतो की हिनं हे केलेलं नाही आणि लग्न करीन तर हिच्याशीच. तुरुंगात जाऊन मागणी पण घालतो.

इथं साध्या लेखिकेनं काय केलं असतं, त्यानं सोडवलं, तिनं हो म्हटलं, संपलं. सेयर्सनं तसं केलं नाही आणि म्हणून मला ही बाई फार मोठी वाटते. हॅरिएट नाही म्हणते, पुढच्या पुस्तकात परत नाही म्हणते, आणि तिचं कारण पटतं, ज्यानं आपला जीव वाचवला त्याच्याशी उपकाराच्या ओझ्याखाली संसार कसा करायचा, बरोबरीनं उभं राहता येईल का त्याच्यासमोर? या प्रश्नावर १९३५ मध्ये 'गॉडी नाइट' ही जाडजूड कादंबरी आली, ऑक्सफर्डमधल्या बायकांच्या कॉलेजात घडणारी. कॉलेजात कुणीतरी घाणेरडी निनावी पत्रं टाकतंय, नासधूस करतंय, ते शोधायचंय. आणि ते शोधता शोधता बाईनं डोकं आणि मन दोन्ही राखून जगायचं कसं, हा हॅरिएटचा स्वतःचा प्रश्न पण त्याच तपासात गुंतत जातो. त्यातून प्रेम काढलं तर रहस्य पण कोसळेल अशी वीण आहे. शेवट सांगत नाही. सरांना हे एक पुस्तक वाचायला लाव आणि मग बिघडलं का सुधारलं ते त्यांनाच विचार.

नेटवर बघितलंस त्याचं एवढं मनाला लावून घेऊ नको. तिसरं पुस्तक २०१५ ला आलं आणि चौथं २०१८ ला, लोकांनी त्या शेवटावर तीन वर्षं काढली, तुझ्या हातात फोन होता आणि तू बघितलंस. खरं तुला कळलंय काय? काय होतं एवढंच. कसं होतं ते कुठल्याही साइटवर दोन ओळीत मावत नाही. कॉटची गोष्ट मी वर लिहिली तशीच कुणीतरी 'रॉबिन त्याचं गुपित जपते' एवढी लिहिली असती तर त्यात काय होतं? चौथं पुस्तक तिसऱ्याचा शेवट जिथं होतो तिथूनच, त्याच लग्नाच्या दिवसापासून सुरू होतं. पहिलं प्रकरण वाचून बघ, तेवढंच. नंतरचं आपोआप होईल. फक्त इथून पुढं एक पाळ, फोनवर त्या सिरीजचं नाव टाकून काही शोधू नको, अगदी नटांचे फोटोसुद्धा नको, कारण फोटो शोधायला गेलं की खालीच पाचव्या नाहीतर सातव्या पुस्तकाचं काहीतरी दिसतंच. बीबीसीची सिरीज आहे २०१७ पासूनची, ती पण पुस्तक संपल्यावर बघ, पहिलं पुस्तक त्यांनी तीन भागांत बसवलंय त्यामुळं खून नीट कळतो, आणि तुला जे पाहिजे असतं, त्या न बोललेल्या गोष्टी, त्यातल्या पुष्कळ गळतात.

इंग्लिश बेताचं आहे म्हणून घाबरू नको, वेग कमी असला तर या पुस्तकांत फायदाच होतो. नावं फार असतात म्हणून एक लहान वही ठेव पर्समध्ये, एका पानावर केसची नावं, कोण कुणाचा कोण, आणि समोरच्या पानावर या दोघांचं काय काय खटकलं ते. गाडीत देसूर स्टेशन येईपर्यंत चार पानं वाचून झाली तरी बास. आणि पुस्तकाचा दोन तृतीयांश भाग झाला की एक दिवस थांबून खुनी कोण वाटतो ते वहीत लिही, चुकू दे की, काय बिघडतं? तुला खुनात रस नाही असं तुला वाटतंय, मला वाटतं नावं लक्षात राहत नाहीत म्हणून तू तो नाद सोडून दिलायस. पाचवं पुस्तक नऊशे पानांच्या वर आहे, चाळीस वर्षांपूर्वी दवाखान्यातून निघालेली एक डॉक्टर बाई गायब झाली तिचा शोध, सावकाश चालतं, आणि सावकाश चालतं म्हणूनच मला सगळ्यांत ते आवडतं, दोघांना एकमेकांबरोबर श्वास घ्यायला जागा मिळते त्यात. सहावं मात्र मोबाइलवर अजिबात वाचू नको. त्यात ऑनलाइन चॅट शेजारी-शेजारी कॉलममध्ये छापलेलंय, लहान स्क्रीनवर कोण कुणाला काय म्हणालं ते लागत नाही, डोळे जातील, छापील कॉपी मिळव.

या दोघांचं इतकं रेंगाळतं त्याचा तुला राग येतो ना, आणि मनात कुठंतरी भीती पण असेल की एकदा जमलं की मजा संपणार. त्या भीतीवर औषध आहे, अगाथा ख्रिस्तीचे टॉमी आणि टपन्स. १९२२ च्या 'द सिक्रेट ॲडव्हर्सरी'त दोघं कडकीत असलेली तरुण पोरं, १९२९ च्या 'पार्टनर्स इन क्राइम'मध्ये लग्नाला सहा वर्षं झालेली, टपन्सला घरी बसून कंटाळा आलाय, आणि दोघं मिळून एक डिटेक्टिव्ह एजन्सी चालवायला घेतात. लग्न झालंय, मजा दुप्पट झालीय. आणि १९४१ च्या 'एन ऑर एम?' मध्ये पोरं मोठी झालेली, युद्ध चालू आहे, टॉमीला सरकार एकट्यालाच गुप्त कामावर पाठवतं, बायकोला सांगायचं नाही म्हणून बजावून. तो बिचारा लपतछपत त्या समुद्रकाठच्या बोर्डिंग हाउसात पोचतो तर तिथं मिसेस ब्लेन्केन्सॉप नाव घेऊन विणकाम करत बसलेली बाई कोण, तर टपन्स! तिनं बोलणं चोरून ऐकलं होतं आणि त्याच्या आधी येऊन बसली होती. ते पान वाचताना मला दर वेळी इतका आनंद होतो, नवरा-बायकोचं असं पण असू शकतं म्हणून. ख्रिस्तीनं त्यांना वयाप्रमाणं म्हातारं पण होऊ दिलंय, १९७३ पर्यंत. क्रमानं वाच, उलटं करू नको.

आपल्याकडचं पाहिजे तर ब्योमकेश बक्षी आहेच, शरदिंदु बंद्योपाध्यायांचा. सत्यवती त्याला एका केसमध्येच भेटते, तिच्या भावावर खुनाचा संशय असतो. दूरदर्शनवर १९९३ मध्ये बासू चटर्जींनी ती सिरीज केली तेव्हा सत्यवती आपल्या सुकन्या कुलकर्णींनी केली होती, रजित कपूरसमोर. त्यांचं फार बोलणं नाही, गाजावाजा नाही, एवढुशा जागेत सगळं.

कुणाला सांगायला लाज वाटते म्हणतेस, खरं बेळगावात अशी वाचणारी माणसं कमी नाहीत. शनिवारी हाफ डे असेल तर सार्वजनिक वाचनालयात जा, तिथं रहस्यकथांच्या कपाटासमोर जे कोण उभं असेल त्याच्याशी बोल, आपल्या आधीच्या पिढीनं बाबूराव अर्नाळकरांच्या शेकड्यांनी रहस्यकथा वाचून काढल्यात, त्यातले काही जण अजून येतात आणि बोलायला कुणी मिळालं तर सोडत नाहीत. थंडीत कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांत साहित्य संमेलनं होतात तिथं पण जा, कथाकथन ऐक, शेजारच्या खुर्चीतल्या बाईला विचार काय वाचताय.

आणि मिस्टरांशी वाद घालू नको. त्यांना पहिल्या पुस्तकाची केस तोंडी सांग, जेवताना, रोज थोडी: एक प्रसिद्ध मॉडेल लंडनमधल्या तिच्या बाल्कनीतून पडून मेली, पोलिसांनी आत्महत्या म्हणून फाइल बंद केली, आणि तिचा भाऊ येऊन म्हणतो हा खून आहे. कोण कुठं होतं, कुणी काय बघितलं, सगळं सांग, प्रेमाचा शब्द काढू नको, आणि शेवटाच्या आधी थांब. त्यांनी खुनी ओळखायचा. चौथ्या पुस्तकापासून तू या दोघांकडं बघ आणि खुनाचे पुरावे त्यांना देत जा, वहीतलं डावं पान त्यांचं आणि उजवं तुझं.